होडीच्या फळ्यांचं दार

एनेलेस बसलेली सरोवराकाठच्या चिवांडेत फारशी कुणी पाहिली नव्हती. दुकानात गिऱ्हाईक नसलं की ती साखरेच्या पुड्या बांधी. पुड्या संपल्या की फळीवरचे साबण उतरवून पुन्हा नीट लावी. साबणही लागले की दारात उभी राहून रस्त्यावरून जाणाऱ्याला विचारी, "कुठं निघालीस? कशानं जातेस? येताना तिकडचा साखरेचा भाव विचारून ये." हिच्या आईनं हिला होडीतच जन्म दिला असणार, अजून डुलतेय, असं गावातली माणसं म्हणायची. एनेलेसला ते ऐकू यायचं आणि आवडायचंही.

नवरा लग्नानंतर दक्षिणेला खाणीत कामाला गेला. आधी त्याचे पैसे यायचे, मग नुसते निरोप यायला लागले, मग निरोपही दुसऱ्यांच्या निरोपात मिसळून यायला लागले. थोको, तिची मुलगी, तेव्हा पाठीवर बांधण्याएवढी होती. एनेलेसनं पोरीला चितेन्जेच्या कापडानं पाठीशी बांधलं आणि होड्या लागतात त्या किनाऱ्यावर मंडासी, म्हणजे पिठाचे गोड गोळे, तळायला सुरुवात केली. चूल तिची नव्हती, असियातूची होती. असियातू तिच्याच वयाची, जाडसर, शांत, एकदा बसली की हलायची नाही. एनेलेस पीठ मळायची, पाणी आणायची, टोपली डोक्यावर घेऊन होडीहोडीशी जाऊन विकायची. असियातू कढईपुढं बसून तळायची.

"तू चाक आणि मी आस," असियातू म्हणायची. "आस हलली तर गाडी गेली."

पुढं दोघींनी वेगवेगळी दुकानं घातली. एनेलेसचं रस्त्याला लागून, असियातूचं खाली वाळूजवळ. एनेलेसकडं साखर, साबण, तेल, वह्या. असियातूकडं कोळ्यांना लागतं ते: रॉकेल, मीठ, बॅटरीचे सेल, जाळ्याचा दोरा. असियातूचं दुकान म्हणजे मातीच्या चार भिंती आणि वर गवत. दार मात्र दुकानाहून भारी होतं. तिच्या वडिलांची होडी एका म्वेरात, म्हणजे दक्षिणेकडून सुटणाऱ्या वाऱ्यात, खडकावर फुटली होती. तिच्या फळ्या गोळा करून तिनं सुताराकडून दार करून घेतलं. खालच्या बाजूला होडीचा निळा रंग अजून होता आणि दमट हवेत त्या दाराला माशांचा वास यायचा.

बायकांना कर्ज देणारी संस्था गावात आली ती या दोघी दुकानदार झाल्यावर. संस्थेचं कर्ज एकटीला मिळत नसे. पाच जणींनी मिळून घ्यायचं आणि पाच जणींनी एकमेकींना जामीन राहायचं. दर गुरुवारी गोरखचिंचेखाली चटई अंथरायची, जिचा तिचा हप्ता मधोमध ठेवायचा, आणि सगळे हप्ते पुरे झाल्याशिवाय चटईवरून कुणी उठायचं नाही. एखादीचा कमी पडला तर बाकीच्यांनी भरायचा आणि मग तिच्या घरी जाऊन तारण उचलून आणायचं. भांडी, गादी, बकरी, हाती लागेल ते. तारण अध्यक्षीणबाईकडं राहणार. अध्यक्षीण एनेलेस झाली, कारण निवड करायच्या वेळी सगळ्या बसल्या होत्या आणि ती एकटीच उभी होती.

पहिल्या कर्जातून तिनं छतावर पत्रे घातले. दुसऱ्यातून पोत्यानं साखर घ्यायला लागली. आता तिसरं तोंडावर होतं. विजेचे खांब रस्त्यानं उतरत उतरत तिच्या दुकानापर्यंत आले होते, आणि एनेलेसच्या डोक्यात रात्रंदिवस एकच गोष्ट घोंघावत होती: डीप फ्रीजर. रात्रभर दिवे लावून मासे धरणारे कोळी सकाळी तापलेल्या डोक्यानं किनाऱ्याला लागतात. त्यांना थंडगार बाटली आणि मासळीच्या व्यापाऱ्यांना बर्फ. फ्रीजर कुठं ठेवायचा ती जागाही तिनं झाडून ठेवली होती. तिथं दुसरं काही ठेवू देत नव्हती. चालू कर्जाचे आता शेवटचे हप्ते राहिले होते. ते नीट गेले की नवं कर्ज. पाचातली एक जरी अडली तर पाचही जणींचं बंद.

आणि त्या गुरुवारी असियातू चटईवर आली नाही.

ग्रेसियननं हेल्मेट फांदीला अडकवलं. संस्थेचा हा पोरगा तालुक्यावरून मोटारसायकलवर यायचा, आणि सगळ्याच बायांना मावशी म्हणायचा.

"मावशी, चारच दिसतायत."

"येईल," एनेलेस म्हणाली आणि उभी राहिली.

"बसा, मावशी. नियम."

ती बसली. पुन्हा उठली. किनाऱ्याकडची पायवाट मोकळी होती. दोरीका चहाची टपरी चालवायची आणि गावातलं सगळं तिच्या टपरीवरून जायचं. ती म्हणाली, "दुकानाला कुलूप आहे तिच्या. सकाळी बघितलं मी. कालही होतं."

"आजारी असेल," जुने कपडे विकणारी लोझिया म्हणाली.

"आजारी माणूस बाहेरून कुलूप लावतं होय?"

मागिरेतीची पिठाची गिरणी होती. ती कधी जास्त बोलायची नाही, आत्ताही बोलली नाही. नुसती पिशवीची नाडी सैल करून आणखी पैसे काढायला लागली. चौघींनी मिळून असियातूचा हप्ता भरला. ग्रेसियन म्हणाला, "आज भागलं. पण पुढचा गुरुवार शेवटचा. त्या दिवशी तिचा हप्ता आणि हे तुम्ही भरलेलं, दोन्ही तिच्याकडून यायला हवं. नाहीतर तारण विकून भरा. तेही नसेल तर गट बंद. वर मी काही करू शकत नाही."

चौघी तशाच असियातूच्या घरी गेल्या. अंगणात तिची सासू अबिती सैदी सुकवलेले उसिपा निवडत बसली होती. बोटाएवढे मासे, त्यातले डोकी तुटलेले वेगळे काढत.

"आजी, असियातू कुठंय?" एनेलेसनं विचारलं.

"मला काय माहीत?"

"घरात नाही?"

"सून आहे माझी. दाव्याला बांधलेली नाही."

"कधी गेली? कुणाबरोबर?"

म्हातारीनं एक मासा डोळ्याजवळ धरून पाहिला. "थोकोची आई, तुझं दुकान कुणाच्या जिवावर सोडून आलीस? माकडं येतील."

दोरीकानं एनेलेसची बाही ओढली. "पळाली. ऐक माझं. गेल्या साली पलीकडच्या गावात काय झालं? एक बाई होडीत बसून पाण्यापलीकडं गेली आणि मागं चार जणी रडत राहिल्या. दुसऱ्या देशात कोण शोधायला जातंय?"

"असियातू तसली नाही," लोझिया म्हणाली. "उद्यापर्यंत वाट बघू."

उद्यापर्यंत. एनेलेसच्या पायांना उद्या हा शब्द कधीच समजला नव्हता. तिला झाडून ठेवलेली ती जागा दिसली. ती पाठ फिरवून वाळूतून तरातरा खाली गेली, बाकीच्या मागोमाग. घरात गाडगी आणि गोधड्यांपलीकडं काही नव्हतं हे तिला ठाऊक होतं. किमतीची वस्तू एकच होती. तिनं कमरेची सुरी काढली आणि तिच्या टोकानं बिजागरीचे स्क्रू फिरवायला सुरुवात केली. स्क्रू गंजलेले, पण होडीचं लाकूड तेल प्यायलेलं होतं, सोडत गेलं. कुलूप तसंच कडीत राहिलं. दार उलट्या बाजूनं सुटलं आणि वजनानं चौघींच्या अंगावर आलं.

"सावकाश, सावकाश!" मागिरेती म्हणाली. त्या दिवसाचं तिचं तेवढंच बोलणं.

चौघींनी दार डोक्यावर घेतलं आणि चढ चढून रस्त्यावर आल्या. वाटेत पोरं विचारत होती, कोण मेलं?

तारण एनेलेसच्या दुकानात आलं. ठेवायला जागा एकच होती, झाडून ठेवलेली.

तिथून पुढं तिला चैन पडेना. सकाळी दुकान उघडलं की आधी तो निळा रंग दिसे आणि नाकात माशांचा वास शिरे. साखर घ्यायला आलेली बाई विचारी, "हे कुणाचं दार?" आणि कुणाचं ते तिला पक्कं ठाऊक असे. पोरांनी तर खेळच केला. दुकानात शिरण्याआधी त्या भिंतीला टेकलेल्या दारावर टकटक करायची आणि "आहे का कुणी?" म्हणून पळायची. एनेलेसनं दारावर एक चितेन्जे टाकलं. मग ते झाकलेलं प्रेत दिसायला लागलं. तिनं कापड काढलं.

खाली वाळूजवळ वेगळाच प्रकार चालू होता. दुकान उघडं पडलेलं, आत रॉकेल, मीठ, सेल. अबिती सैदीनं चटई आणली आणि बरोब्बर उंबऱ्यावर, दाराच्या जागी बसली. सकाळपासून तिथंच. जेवण तिथं, नमाज तिथं, मासे निवडणं तिथं. रात्री नातवंडांना आत निजवून स्वतः आडवी होई तीही उंबऱ्यावरच. बकऱ्या आत शिरायला बघत, त्यांना काठी. कोळी सेल मागायला येत, त्यांना ती म्हणे, "आधी ठोठाव. दार आहे मी."

एनेलेसला तिकडं जायचं कारण नव्हतं आणि तरी ती रोज जायची. एकदा तिनं झाकलेल्या ताटात मक्याच्या पिठाचा न्सिमा आणि पालेभाजी नेली. म्हातारीनं ताटाकडं बघितलंही नाही.

"ने परत. दाराला भूक लागत नाही."

"आजी, नियम आहे तो. मी काय माझ्यासाठी नेलं?"

"मग कुणासाठी? मला वाटलं तुझ्या दुकानाला दोन दारं लागतात. एक यायला, एक जायला. तू फार ये-जा करतेस."

आजूबाजूला जाळी विणत बसलेले कोळी फिदीफिदी हसले. एनेलेस ताट घेऊन चढ चढली. अर्ध्यात थांबली, मागं बघितलं, पुन्हा दोन पावलं खाली आली, पुन्हा वर गेली. विचारायचं होतं ते विचारलंच नव्हतं: खरंच पळाली का ती? सांग ना, म्हातारे.

रस्त्यावर बाटलीतून पेट्रोल विकणारा काफुवा गज घेऊन आला. त्याला खोलीला दार हवं होतं. त्यानं उंची मोजली, रुंदी मोजली, नखानं रंग खरवडून लाकूड बघितलं.

"होडीचं आहे. पाणी लागलं तरी फुगणार नाही. बोल, काय घेणार?"

त्यानं सांगितलेल्या क्वाचाच्या रकमेत असियातूचं देणं फिटून वर थोडं उरलं असतं. एनेलेसनं एवढंच म्हणायचं बाकी होतं, घेऊन जा. ती साबण लावायला लागली.

"गुरुवारी बघू," ती म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा तिनं काहीतरी पुढं ढकललं होतं. काफुवाही चकित झाला. "बरी आहेस ना?" त्यानं विचारलं.

बुधवारी दुपारी असियातू परतली. उत्तरेकडून आलेल्या होडीतून उतरली, उन्हानं काळवंडलेली, ओठ फुटलेले. मागं कोळ्यांनी पोती उतरवली. ती दुकानाकडं गेली, उंबऱ्यावरच्या सासूला बघितलं, रिकाम्या चौकटीला लोंबणाऱ्या कुलुपाला बघितलं. मग चढ चढून एनेलेसच्या दुकानात आली. तिला चढ चढताना गावानं फार वेळा बघितलं नव्हतं.

"दार कुठंय?"

एनेलेसनं बाजूला होऊन दाखवलं. असियातूनं जवळ जाऊन बिजागरीच्या जागी उमटलेल्या ओरखड्यांवरून बोट फिरवलं.

"सुरीनं काढलंस."

"तू कुठं होतीस? कुठं होतीस तू? सगळं गाव—"

"कोळ्यांच्या वरच्या, उत्तरेकडच्या तळावर. चांदणं संपल्यावर मासे वर सरकले, त्यांच्यामागं आपले कोळी सरकले. चांदण्यात दिव्यावर मासे येत नाहीत, तेव्हा सगळा माल माझ्याकडून उधार नेलेला. पैसे न देता गेले."

"मग सांगून जायचं!"

"उधारी वसूल करायला जाताना कोण सांगून जातं?" असियातू म्हणाली. "इथं बोललेलं होडीत बसून माझ्याआधी तिथं पोचलं असतं. मी पोचेपर्यंत त्यांनी तळ हलवला असता. सासूला सुद्धा कुराणाची शपथ घालून गेले."

हे खरं होतं. किनाऱ्यावर उधार देणारी कुठलीही बाई हेच करते. एनेलेसनंही पूर्वी केलं होतं, टोपलीच्या दिवसांत. कुलूप बघून हा विचार सगळ्यात आधी तिच्याच मनात यायला हवा होता. रस्त्यावर दुकान घातल्यापासून ती ते विसरली होती.

"मला सांगायचं," ती म्हणाली. "दुसऱ्या कुणाला नाही, मला."

"तुला सांगितलं असतं तर तू दोरीकाला सांगितलं असतंस."

"नसतं सांगितलं."

"सांगितलं असतंस. तुझे पाय थांबत नाहीत आणि तुझी जीभ पायांच्या पुढं चालते." असियातू रागावलेली दिसत नव्हती. ते जास्त वाईट होतं. "एका चुलीवर तळलंय आपण. तुला वाटलं मी पळाले?"

एनेलेस पुड्या बांधायला लागली. हातात साखर नव्हती, नुसता कागद.

"पैसे मिळाले?" शेवटी तिनं विचारलं.

"मासे मिळाले. वर अजून व्यापारी आले नव्हते, कोळ्यांच्या हातात पैसा नव्हता. म्हणाले, पोती ने. आणली."

पोती उसिपाची होती आणि पुरती वाळलेली नव्हती. किनाऱ्यावर त्या आठवड्यात प्रत्येकाच्या अंगणात उसिपाच वाळत होते. तिथं ते कुणी घेतले नसते आणि घेतले असते तर फुकटात. मासळीला भाव होता तो डोंगरावरच्या बाजारात, तंबाखूच्या मळ्यांवरची माणसं यायची तिथं. तो बाजार गुरुवारचा. आणि गुरुवारी असियातूला चटई सोडून हलता येणार नव्हतं. एकदा हप्ता चुकवलेल्या बाईनं पुढचा स्वतः येऊन द्यायचा, असा नियम होता. पुन्हा गैरहजर राहिली तर गेलीच.

"मी जाते," एनेलेस म्हणाली.

"तू अध्यक्षीण. शेवटच्या हप्त्याला तुला सुरुवातीपासून हजर राहावं लागतं, तुझी सही लागते."

"दुपारपर्यंत येते. माझा हप्ता दोरीकाकडं देऊन ठेवते."

"नाही आलीस तर?"

एनेलेसनं ऐकलं नाही. ती पोती बघायला खाली निघालीही होती.

पहाटे वर जाणाऱ्या मालाच्या ट्रकवर ती पोत्यांवर बसून गेली. बाजारात शिरल्या शिरल्या एका व्यापाऱ्यानं पोत्यात हात घातला, मासा दाबला आणि हसला.

"ओले आहेत, बाई. सगळी उचलतो, अर्ध्या भावात."

"ओले नाहीत. ताजे आहेत. तुम्ही जुने खाऊन खाऊन विसरलात."

"दुपारपर्यंत वास सुटला की माझ्याकडंच येशील."

ती त्याच्याकडं गेली नाही. तिनं चितेन्जे जमिनीवर पसरलं, पण त्याच्यामागं बसली नाही. जुनी टोपली डोक्यावर घेतली आणि बाजारभर फिरायला लागली. मळ्यावरच्या बाया, शाळेची स्वयंपाकीण, ओळीत उभे असलेले ट्रकचे ड्रायव्हर. "चिवांडेचे उसिपा! काल पाण्यात होते, आज तुझ्या कढईत!" पायांना जुनी चाल सापडली. टोपली रिकामी झाली की भरायची, भरली की निघायची. ऊन डोक्यावर यायच्या आधी पोती रिकामी झाली आणि कमरेच्या पिशवीला वजन आलं.

परतीचा ट्रक मात्र हलेना. ड्रायव्हर म्हणाला, माल भरला की निघू. माल कुठला? येईल. एनेलेस ट्रकवर चढली, उतरली, टायरला लाथ मारली. ड्रायव्हर म्हणाला, "आई, लाथेनं नाही चालत तो, डिझेलनं चालतो." ती रस्त्यानं चालायला लागली. पुढच्या वळणावर एक सायकलवाला भेटला, भाड्यानं माणसं नेणारा. ती मागच्या गादीवर बसली आणि त्याच्या पाठीवर थापा मारत राहिली.

"ब्रेक कशाला लावतोस? उतार आहे!"

"उतार आहे म्हणूनच लावतोय!" तो ओरडला.

इकडं गोरखचिंचेखाली काय झालं ते तिला नंतर कळलं, आणि दोरीकानं ते पुढं महिनाभर टपरीवर सांगितलं. चार जणी चटईवर. चार हप्ते मधोमध, त्यातला एनेलेसचा दोरीकानं ठेवलेला. असियातू हात मांडीवर ठेवून बसलेली, तिच्यापुढं काही नाही. ग्रेसियननं घड्याळ बघितलं, ढगांकडं बघितलं. ओढा चढला की त्याची मोटारसायकल पलीकडं जात नसे.

"मावशी, मला निघावं लागेल. लिहून टाकतो, पूर्ण झालं नाही."

तो उठायला लागला. तेव्हा मागिरेती बोलली. कधी न बोलणारी मागिरेती. "बसा साहेब."

"का?"

"नियम तुमचाच. पुरे झाल्याशिवाय चटईवरून कुणी उठायचं नाही."

"तो तुमच्यासाठी आहे!"

"चटईवर कोण बसलंय?" लोझियानं विचारलं. "तुम्हीच बसलाय ना? मग?"

ग्रेसियन हसला, मग कुणीच हसत नाही हे बघून थांबला. त्यानं हेल्मेटसाठी फांदीकडं हात केला. फांदी रिकामी होती. अबिती सैदी केव्हातरी उंबरा नातवंडांवर सोपवून वर आली होती आणि झाडाच्या बुंध्याला टेकून बसली होती. हेल्मेट तिच्या मांडीवर होतं आणि ती त्यात भुईमुगाच्या शेंगा सोलत होती.

"आजी, ते द्या."

"शेंगा संपू दे," म्हातारी म्हणाली.

शेंगा बऱ्याच होत्या.

सायकल येऊन थांबली तेव्हा ग्रेसियननं बूट काढले होते आणि तो दोरीकाचा चहा पीत होता. एनेलेस उडी मारून उतरली, चटईवर आली, पिशवी सोडून असियातूच्या मांडीवर ठेवली. असियातूनं पैसे मोजून मधोमध ठेवले, हप्ता वेगळा, चौघींचे वेगळे. मग ग्रेसियननं बूट घातले. हेल्मेट झटकलं, टरफलं पडली.

"गट पास," तो म्हणाला. मग एनेलेसकडं बघून जरा अडखळला. "पण मावशी, बैठक सुरू झाली तेव्हा अध्यक्षीण हजर नव्हती. ते मी लिहिलंय. खोडता येत नाही. या चौघींना नवं कर्ज मिळेल. तुमचं नाव पुढच्या फेरीत."

"आत्ता तर आलेय ना मी!"

"आलात. उशिरा."

एनेलेस उभीच होती. तिच्या डोळ्यांपुढं झाडून ठेवलेली ती जागा आली, आणि तिथं टेकलेलं दार. तिनं सही केली.

त्याच दुपारी, पाऊस यायच्या आत, तिनं आणि मागिरेतीनं दार खाली नेलं. स्क्रू तिनं एका डबीत जपून ठेवले होते, पण जुनी भोकं सैल झाली होती. तिनं नवी भोकं पाडली. घाईत वरची बिजागरी किंचित खाली बसली. दार लागलं, पण उघडताना खालचा निळा कोपरा दगडाला घासून करकरायला लागला.

"काढते पुन्हा," एनेलेस म्हणाली. "दोन मिनिटांचं काम."

"राहू दे," असियातू म्हणाली. "आता हात लावू नकोस."

दार तसंच राहिलं. काफुवानं तालुक्यावरून पत्र्याचं दार आणलं. त्या फेरीत दोरीकानं टपरी वाढवली, लोझियानं कपड्यांच्या गाठी आणल्या. रस्त्यावरच्या दुकानातली ती जागा रिकामी राहिली. एनेलेस ती रोज झाडत होती, कधी कधी दोनदा. सकाळी खालून करकर ऐकू आली की ती पुड्या बांधायला घ्यायची. ऐकू आली नाही तर हात थांबायचे.

चांदणं आलं आणि संपलं. मासे पुन्हा वर सरकले, मागोमाग कोळीही. एका संध्याकाळी असियातू चढ चढून आली. साखर घेतली नाही, साबण घेतला नाही. फळीवर दुकानाची किल्ली ठेवली आणि गेली.

दुसऱ्या दिवशी करकर झाली नाही. दुपारी दोरीका टपरीवरून लगबगीनं आली.

"खाली कुलूप आहे. कुठं गेली गं?"

एनेलेसची जीभ दातांपर्यंत आली होती. तिनं मिठाचा डबा उघडला, बंद केला.

"मला काय माहीत?"

"तुला माहीत नाही? तुला?"

"मला काय माहीत," एनेलेस म्हणाली. मग तिनं दुकान शेजारणीवर सोपवलं, खाली वाळूकडं गेली आणि निळ्या दाराशी, अबिती सैदीच्या चटईवर बसली. म्हातारीनं तिच्याकडं बघितलं आणि उसिपाची सुपली तिच्या मांडीवर सरकवली. डोकी तुटलेले वेगळे काढायचे होते. एनेलेस निवडत राहिली. उजवा पाय वाळूत हलत होता, तो काही थांबेना, पण ती उठली नाही.